चढावर झटके? आधी प्लगचा गॅप मोजा

भाजीपाला, दूध, सिमेंटची पोती वाहणारे कितीतरी टेम्पो हल्ली सीएनजीवर धावतात. त्यांचे बरेच मालक वर्षानुवर्षं डिझेल चालवून इकडे वळलेत. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच. हवा दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपसूक पेट घेतं. त्यामुळे ऑइल आणि फिल्टर या मंडळींच्या अंगवळणी पडलेले असतात, प्लग मात्र ध्यानीमनीही नसतो. मग एक दिवस भरलेला टेम्पो खंबाटकीच्या चढाला लागतो आणि झटके द्यायला लागतो. पेट्रोलवर टाकला की ठीक, गॅसवर घेतला की पुन्हा तेच. मालक म्हणतो, गॅसच खराब. मिस्त्री म्हणतो, रेग्युलेटर गेला. प्लग खोलून कुणीच पाहिलेला नसतो.

हे चढावरच का होतं, ते बघा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण गच्च भरतं, दाब वाढतो. प्लगच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, जितका रुंद आणि दाब जितका जास्त, तितकं ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हा नियम मांडला. त्यात सीएनजी हा पेट्रोलपेक्षा हट्टी, त्याला पेटवायला मुळातच जास्त जोर लागतो. वापराने टोकं झिजतात, गॅप रुंदावत जातो. पेट्रोल तेवढं खपवून घेतं, गॅस घेत नाही. मग कॉइलमधली वीज फटीतून उडी मारण्याऐवजी भलतीकडेच वाट काढते.

अमेरिकेत हौशी लोक पिकअप ट्रकला नायट्रसची बाटली जोडून शर्यतीत उतरतात. तिथे हाच प्रश्न टोकाला गेलेला दिसतो. नायट्रस ऑक्साइड इंजिनात साधारण ३०० अंश सेल्सिअसला फुटतो, जादा ऑक्सिजन देतो, सोबत जादा इंधन सोडावं लागतं. दाब आणि उष्णता दोन्ही भडकतात. म्हणून ती मंडळी दोन गोष्टी करतात: गॅप पाऊण मिलिमीटरच्या आसपास आणतात आणि प्लग एक-दोन पायऱ्या ‘थंड’ घेतात.

यातली पहिली गोष्ट आपल्या कामाची आहे. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीला पुस्तिकेतला प्लग आणि पुस्तिकेतलाच गॅप ठेवा, तिथे अक्कल चालवू नका. नंतर किट बसवलेल्या पेट्रोल गाडीत मात्र गॅप पेट्रोलच्या मापापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी ठेवलेला बरा. त्याहून कमी नको. ठिणगी इतकी बारकी होते की गाडी उभ्या-उभ्याच थरथरते.

दुसरी गोष्ट, थंड प्लग, रोजच्या गाडीला सहसा लागत नाही. थंड म्हणजे आतल्या चिनीमातीचं नाक आखूड, उष्णता पटकन हेडमध्ये सोडणारा. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं तर तेच टोक ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवून बसतं. आणि आकडा बघून प्लग घेणाऱ्यांनी सांभाळा: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. दुकानदार ‘सातचाच आहे’ म्हणाला, तर कुठल्या कंपनीचा सात, ते विचारा.

आता मोजायचं कसं? जुन्या प्लगला चपटी पट्टी घालू नका. झिजून खळगा पडलेला असतो, पट्टी त्यावरून नुसती सरकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. तारेचा गोल गेज वापरा. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं असतं, त्यावर टेकू देऊन कधीच दाबू नका. प्लग फरशीवर आपटला असेल तर तो बसवूच नये. भेग बाहेरून दिसत नाही.

रंगावर फार विसंबू नका. पेट्रोलवर फिकट तपकिरी रंग चांगला, पण गॅसवर काजळी धरत नाही, धडधाकट प्लगही पांढुरका दिसतो. त्यापेक्षा मधल्या टोकाची कड पाहा. कड धारदार असेल तर चालेल, गोल झाली असेल तर बदला. पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली काळी रेघ उमटली असेल, तर वीज बाहेरून पळतेय. प्लगबरोबर त्याची टोपीही बदलावी लागेल. मात्र लोखंडी भागाला लागून तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका, ते निरुपद्रवी असतं. केवळ त्या कड्यापायी चांगले प्लग फेकून दिलेले मी पाहिलेत.

बसवताना इंजिन थंड हवं. प्लगवर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि हाताने फिरवा. आटे तिरके लागत असतील तर नळी घसरते, हेड वाचतं. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, जेमतेम फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो.