घड्याळाच्या पोटातली अक्षरं

मंडळी, तुम्ही आता वाचू लागलात. तेव्हा वाचायची आणखी एक जागा आम्ही सांगतो. जुन्या वाड्यात, शाळेत लंबकाचं घड्याळ असतं ना, त्याच्या पोटात.

घड्याळजी घड्याळ साफ करून तेल देई. मग तबकडीच्या मागं, नाही तर पितळी पत्र्यावर सुईनं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवी. कुणी पेटीच्या फळीवर पेन्सिलीनं लिही. घड्याळ पुन्हा आलं, तर आपलं काम किती दिवस टिकलं हे त्याला कळे.

तारीख नसली तरी काळ सापडतो. 'चांदा, सी. पी.' असं असेल, तर ते बहुधा १९५० च्या आधीचं. नुसतं 'चांदा' असेल, तर १९६४ च्या आधीचं. मग चंद्रपूर हे नाव झालं. गडचिरोलीपुढं 'जि. चंद्रपूर' दिसलं, तर १९८२ पूर्वीचं, कारण त्या साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. शके लिहिला असेल, तर त्यात ७८ मिळवा. मजुरी आण्यांत लिहिली असेल, तर १९५७ च्या आधीची. पण हा पुरावा जरा कच्चा. नवे पैसे आले तरी लोक आणेच म्हणत होते!

गावात घड्याळं कोण दुरुस्त करी, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडायचं नाही. ते त्या पितळेवरच असतं, आणि भंगारवाला पितळ वजनानं नेतो. म्हणून विकण्याआधी अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवा. चिंच लावून घासू नका. आणि चावी दिलेल्या कमानीला हात लावू नका, बोट फाटेल.