वैऱ्याला क्षमा : 'क्रिस्तपुराण' वाचताना



'क्रिस्तपुराणा'वर बोलताना आपण बहुधा भाषेचे कौतुक करून थांबतो. एका इंग्रज जेझुइटाने अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या, 1616 साली त्या रायतूरला छापल्या. कौतुक योग्यच आहे. पण मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणाऱ्या येशूची कथा फादर स्टीफन्स ज्या साष्टीत सांगत होते, त्या साष्टीत तेव्हा काय घडून गेले होते, हे आपण क्वचितच विचारतो.

1567च्या सुमारास तिथली देवळे पाडली गेली. जुलै 1583मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांतले रुडोल्फ आक्वाविवा अकबराच्या दरबारातून त्याच वर्षी परतले होते. हल्ला झाला तेव्हा सोबतच्या एका पोर्तुगीजाने बंदूक रोखली. आपण लढायला आलेलो नाही, असे म्हणून पाशेकू पाद्रींनी त्याला थांबवले, असे जेझुइट वृत्तांत सांगतात. मला हा क्षण फार मोठा वाटतो. आणि तरीही याच पाशेकूंनी आधी कुंकळ्ळीची देवळे पाडायला हातभार लावला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक सांगून दुसरी झाकता येत नाही.

पुढे पोर्तुगीज सत्तेने गावकारांना बोलणी करायच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि न्यायनिवाडा न करता मारले. खाली केलेल्या त्या बंदुकीची तिथे कुणाला आठवण झाली नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, लूकच्या सहाव्यात द्वेष करणाऱ्यांचे भले करायला. दोन्ही कृती आहेत. वैरी आवडलाच पाहिजे, अशी अट नाही. पसायदानातही खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले आहे. दोन्ही परंपरा इथे बऱ्याच जवळ येतात.

पण क्षमा कोण कुणाला शिकवतो, यावर सगळे अवलंबून आहे. बळवंताने दुबळ्याला 'क्षमा कर' म्हटले की त्याचा अर्थ 'गप्प बस' एवढाच उरतो. क्रुसावरून क्षमा मागणाऱ्याच्या हाती काहीही नव्हते. असोळण्याच्या किल्ल्यात होते त्यांच्या हाती सगळेच होते.

स्टीफन्स या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. मारले गेलेले पाद्री त्यांच्याच संघातले. तेहतीस वर्षांनी त्यांचा ग्रंथ छापून आला तो त्याच समाजाच्या ओवीत, वैकुंठासारखे त्याचेच शब्द घेऊन. हेतू धर्मप्रसाराचा होता, पाठीशी सत्ता होती, हे खरेच. तरी सूडाची भाषा उपलब्ध असताना त्यांनी समोरच्याची भाषा शिकण्यात आयुष्य घातले, हेही खरे.

कुंकळ्ळीत आज पाद्रींचे स्मारक आहे, तसे गावकारांचेही आहे. विद्यार्थ्यांना न्याल तेव्हा दोन्हीकडे न्या, आणि पुराणातला क्रुसाचा प्रसंग परतताना बसमध्ये वाचायला सांगा.