शिंजिराचे घरटे



फुलासमोर हवेत थरथरत मध पिणाऱ्या हमिंगबर्डविषयी आपण वाचलेले असते. हा पक्षी अमेरिका खंडाबाहेर कोठेही नाही. तेव्हा ठाण्यात किंवा कल्याणात कोणी तो पाहिल्याचे सांगितले, तर त्याने शिंजीर पाहिला असे खुशाल समजावे. दोघांत सोयरिक नाही. धंदा तेवढा एक. शिंजीरही क्षणभर हवेत तरंगतो, पण एरवी फांदीवर बसूनच मध चाखतो.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीत आमच्या गॅलरीतील कपड्यांच्या तारेवर जांभळ्या शिंजिराच्या मादीने घरटे बांधावयास घेतले. काळानिळा, उन्हात चकाकणारा नर समोरच्या शेवग्यावर गात बसे. बांधकामाला त्याने हात लावला नाही. मादी एकटी गवत, सालींचे कपटे, वाळकी पाने आणी आणि कोळिष्टकांनी सांधी. लोंबती लांबट पिशवी, बाजूला दार, दारावर चिमुकली पडवी. दुरून वाटे, केरच अडकला आहे. तोच तिचा बचाव.

अंडी पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. स्टुलावर चढून दाराशी बोट लावले. आत दोन अंडी होती. मादी उडाली ती परतलीच नाही. पक्ष्यांवर आमचे प्रेम होते, पण ते तिला कळावे कसे? तिला दिसला तो हात.

पुढच्या वसंतात पुन्हा एक जोडी आली. आम्ही तार सोडून दिली, कपडे खोलीत वाळत घातले आणि पडद्याआडून पाहत राहिलो. मादी अंड्यांवर बसू लागल्यापासून पंधरा-सोळा दिवसांनी तिच्या चोचीत किडे आणि कोळी दिसू लागले. पिले बाहेर आली हे आत न डोकावताच कळले. आता नरही चारा आणू लागला. मध पिणारा हा पक्षी पिलांना मात्र किडे भरवतो, हे आम्हांस त्या पडद्याने शिकविले.

सबुरीचे फळ याहून मोठेही असते. कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचा यांचा वाटा काय, यावर सालिम अली यांनी 1931 साली निबंध लिहिला. शिंजीर बांडगुळाच्या फुलांचे पराग वाहतो, फुलटोचा फळे खाऊन बिया फांदोफांदी चिकटवतो. आंब्यावरचे हे नाटक कोणालाही खालून पाहता येते.

तेव्हा घरट्यापासून दहा पावले दूर राहावे, फांदी छाटू नये, छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. आणि या वसंतात आपल्या गॅलरीत असा केर लोंबताना दिसला, तर झाडू उचलण्यापूर्वी जरा थांबावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.