यंत्रे बदलली, रुजुवात राहिली

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या इतिहासाविषयी बोलावे, अशी साहजिकच अपेक्षा असते. तो इतिहास माझ्याहून अधिक जाणत्या मंडळींनी लिहिला आहे. मी आज थोडा निराळा विषय निवडला आहे : वकिलाच्या कचेरीतील लघुलेखिकेचे काम आणि त्या कामाच्या यंत्रांत झालेले बदल. या निवडीची कारणे दोन. शिक्षिका होण्यापूर्वी, १९८८ ते १९९४ अशी सहा वर्षे, मी याच इंदूर शहरात एका वकिलांच्या कचेरीत हे काम करीत होते. दुसरे कारण, गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न. आपल्याकडे ज्याला आजही ‘स्टेनो’ म्हणतात, त्याच कामावर ती एका महानगरातील मोठ्या विधिसंस्थेत ‘लीगल सेक्रेटरी’ म्हणून आहे. ती म्हणाली, “बाई, आता यंत्र ऐकते, लिहिते, भाषांतरही करते. मग माझी गरज अजून किती वर्षे?” त्या दिवशी मी तिला धीराचे दोन शब्द सांगितले, उत्तर मात्र दिले नाही. ते देण्याचा आज प्रयत्न करते.

प्रारंभ लघुलेखनापासून करते. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली आपली लघुलेखनपद्धती प्रसिद्ध केली. ती अक्षरांवर नव्हे, तर ध्वनींवर उभी आहे. ‘प’ आणि ‘ब’ यांसाठी रेघ एकच. ‘प’साठी ती बारीक काढावयाची आणि ‘ब’साठी ठळक. ‘त’ आणि ‘द’, ‘च’ आणि ‘ज’, ‘क’ आणि ‘ग’ या जोड्याही तशाच. वर्गातील इतर मुली ही जोडपी पाठ करीत होत्या, तेव्हा मला मात्र ती ओळखीची वाटली. आपली वर्णमाला याच तत्त्वावर रचलेली आहे : उच्चारस्थान एक, पहिला वर्ण अघोष, तिसरा सघोष. या शाळेत पहिलीच्या वर्गात मोठ्याने म्हटलेली ‘क ख ग घ’ मला अकरा-बारा वर्षांनी इंग्रजी लघुलेखनाच्या वर्गात उपयोगी पडली. शाळेत शिकलेली गोष्ट केव्हा कामी येईल, हे शिकविणाऱ्यालाही सांगता येत नाही, ते असे.

पिटमनच्या लेखनात वेगासाठी स्वर बहुधा गाळले जातात. दिन, दीन, दान, दून यांतील व्यंजने तेवढी कागदावर उरली, तर शब्द कोणता हे केवळ रेघ पाहून सांगता येणार नाही. वाक्याचा अर्थ कळला तरच ते सांगता येईल. म्हणजे लघुलेखन वेगाचे काम असले, तरी लघुलिपीचे वाचन हे अर्थाचे काम आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची लघुलेखक परीक्षा पाहा. ‘डी’ श्रेणीसाठी मिनिटाला ८० शब्दांच्या वेगाने १० मिनिटे मजकूर सांगितला जातो, आणि तो इंग्रजीत उतरवून काढण्यासाठी ५० मिनिटे दिली जातात. दहा मिनिटांच्या ऐकण्याला पन्नास मिनिटांचे उतरविणे! या कामात काळ कशाला लागतो, ते या दोन आकड्यांवरून दिसते.

आता टंकलेखन यंत्राकडे वळू. भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र गोदरेज कंपनीने १९५५ साली बनविले. आमच्या कचेरीत इंग्रजीचे एक आणि हिंदीचे एक, अशी दोन यंत्रे होती. मूळ प्रत, तिच्याखाली कार्बन, पुन्हा कागद, पुन्हा कार्बन, अशी चार प्रतींची चळत यंत्रात बसवावयाची. एक अक्षर चुकले, तर चारही प्रतींवर ते वेगवेगळे खोडावे लागे. ओळ गळली, तर पान पुन्हा. त्यामुळे वकीलसाहेब सांगण्यापूर्वी विचार करीत, आणि कळ दाबण्यापूर्वी मी करीत असे. चुकीची किंमत तेथल्या तेथे, आपल्याच बोटांना मोजावी लागत असल्यामुळे काळजी ही सवयच होऊन बसली होती.

टंकन झाले की रुजुवात. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, म्हणून सांगते. नक्कल मुळाशी ताडून पाहणे म्हणजे रुजुवात. महाराष्ट्रातील जुन्या सरकारी नकलांच्या शेवटी ‘नक्कल करणार’, ‘वाचणार’ आणि ‘रुजुवात घेणार’ अशा निरनिराळ्या सह्या आढळतात. लिहिणाऱ्याची नजर स्वतःच्या चुकीवरून सहज घसरते, हे त्या जुन्या कारकुनांना पुरते ठाऊक होते. आमच्या कचेरीत मुंशीजी मूळ कागद मोठ्याने वाचीत आणि मी टंकित प्रतीवर बोट ठेवून ऐकत असे.

१९९१ साली कचेरीत संगणक आला. वर्डस्टारमध्ये इंग्रजी टंकन होई. पुढे पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसविले आणि त्याच पडद्यावर देवनागरी उमटू लागली. इनस्क्रिप्ट कळफलक शिकताना मला पुन्हा वर्णमाला भेटली : ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच कळीवर. आनंद झाला. पण संगणकाने आणखी एक गोष्ट केली. चूक दुरुस्त करणे फुकट झाले, आणि म्हणून ती शोधण्याची घाई उरली नाही. जुना दावा उघडावयाचा, नावे बदलावयाची, कलमे पुढेमागे करावयाची, की अर्ध्या तासात नवा दावा तयार. रुजुवातीची बैठक हळूहळू मागे पडली. पडद्यावर सारे स्वच्छच दिसत होते!

१९९२ साली देवासच्या एका विधवा बाईंच्या घराचा दावा मी असाच तयार केला. नावे बदलली, क्षेत्रफळ बदलले, चतुःसीमेतील तीन दिशा बदलल्या. पूर्वेची दिशा राहिली. तेथे आधीच्या दाव्यातील शेजाऱ्याचे नाव तसेच होते. चूक आमच्या ध्यानात आली नाही; ती प्रतिपक्षाच्या वकिलांनी न्यायालयात दाखविली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. त्याला हरकत घेतली गेली, तारखा पडल्या, सात महिने गेले. प्रत्येक तारखेला त्या बाई सकाळच्या बसने देवासहून येत आणि कचेरीच्या बाकावर बसून राहत. वकीलसाहेब माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “मूळ खरेदीखताशी ताडून पाहिलं होतंस का?” मी पाहिले नव्हते. बाईंना तर चूक कोणाची हे कळलेही नसावे. जाताना त्या मलाच नमस्कार करीत. आज तीस वर्षांनंतरही तो नमस्कार मला आठवतो आणि मान खाली जाते.

या चुकीत संगणकाचा दोष काय होता? त्याने सांगितले तेवढे अचूक केले. त्या घराच्या पूर्वेला कोण राहते, हे जाणून घेण्याचे काम माझे होते.

दुसरा अनुभव भाषेचा. आपण इंदूरची मराठी माणसे. घरात मराठी, बाजारात हिंदी, न्यायालयात हिंदी आणि इंग्रजी. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरविली. त्याच अनुच्छेदातील तरतुदीने मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयात १९७१ साली हिंदीच्या वापरास मान्यता मिळाली. या तीन भाषांच्या सीमेवर काम करताना कठीण शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवितात. कामाच्या पहिल्याच आठवड्यात ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ असे वाक्य टंकावयास आले, तेव्हा नोकरी कोणी सोडली हे मला कळेना. इकडच्या न्यायालयात राजीनामा म्हणजे तडजोड! मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य, हिंदीत दुरुस्ती. मराठीत आपत्ती म्हणजे संकट, हिंदीत हरकत. आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मुख्याध्यापिकेने हा भेद रोजच ध्यानात ठेवावा! अक्षरे तीच, लिपी तीच, शुद्धलेखनाची तपासणी करणारे कोणतेही साधन या शब्दांखाली लाल रेघ ओढणार नाही. दोन्ही भाषा ज्याला आतून ठाऊक आहेत, तोच येथे थांबतो.

मी कचेरी सोडल्यानंतरची वाटचाल माझ्या त्या विद्यार्थिनीकडून समजते. गोदरेजने २००९ साली टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबविले. ई-न्यायालय प्रकल्पातून देशभरातील जिल्हा न्यायालयांतील प्रकरणांना १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळाला. पुढची तारीख घरबसल्या भ्रमणध्वनीवर दिसू लागली. १ एप्रिल २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाने लांब कागदाऐवजी ए-४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. न्यायनिर्णयांच्या भाषांतरासाठी २०१९ साली ‘सुवास’ ही प्रणाली आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठापुढील युक्तिवादाचे यंत्राद्वारे शब्दांकन सुरू झाले. यांतील बहुतेक बदल सामान्य पक्षकाराच्या हिताचे आहेत. केवळ तारीख विचारण्यासाठी देवासहून बसने यावे लागत नाही, हे थोडे नव्हे.

परंतु १ जुलै २०२४ चा दिवस आठवा. त्या दिवशी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० सर्वांच्या तोंडी होते, ते ३१८ मध्ये गेले. कचेऱ्यांतील संगणकांत वर्षानुवर्षे साठविलेले नमुने एका रात्रीत जुने झाले. एका आज्ञेने सगळीकडे जुना आकडा काढून नवा घालणे यंत्राला क्षणाचे काम. पण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागू राहते. तेव्हा आकडा बदलण्यापूर्वी घटना केव्हाची, हे पाहावे लागते. माझी विद्यार्थिनी सांगत होती, त्या आठवड्यात तिने प्रत्येक कागदातील घटनेची तारीख आधी वाचली आणि मगच कलमाला हात लावला. ऐकून मला मनातून बरे वाटले. तिने माझी चूक केली नव्हती.

आणि यंत्रावर पूर्ण विसंबले तर काय होते? २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात काही वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले न्यायनिर्णय आधार म्हणून सादर केले. ते निर्णय अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड ठोठावला, तो वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला. यंत्राला कोणी उभे केले नाही. करणार तरी कसे?

आता त्या प्रश्नाचे उत्तर. मी खोटा धीर देणार नाही. न्यायालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या टंकलेखकांची ओळ विरळ झाली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. त्यांत आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांचे वडीलही होते. केवळ बोटांच्या वेगावर आता कोणाचे घर चालणार नाही, आणि तसे चालेल असे मुलांना सांगणे हा अपराध ठरेल. मात्र या कामाचा जो भाग मुळापासून महत्त्वाचा होता, तो वेगाचा नव्हताच. लिहिलेला शब्द वस्तुस्थितीशी ताडून पाहणे आणि ‘मी ताडून पाहिले आहे’ असे स्वतःच्या नावाने सांगणे, हा तो भाग. यंत्र जितके सफाईदार लिहील, तितकी चूक अधिक सफाईने लपेल आणि ताडून पाहणाऱ्याचे काम वाढेल. त्या कामाची किंमत प्रत्येक मालक ओळखेलच, अशी हमी मला देता येत नाही. पण ज्याच्या घराची पूर्व दिशा चुकते, त्याला ती किंमत नक्की कळते.

पालकहो, तुम्ही मला विचारता की मराठी शाळेत शिकून पुढे काय. या एका व्यवसायापुरते माझे उत्तर अनुभवाचे आहे. ज्या मुलाला एक भाषा तळापासून येते, त्याला दुसऱ्या भाषेतील फसवा शब्द खटकतो. ज्याला काहीच खटकत नाही, तो यंत्राचे लिहिलेले जसेच्या तसे पुढे पाठवितो.

म्हणून या वर्षापासून आठवी आणि नववीच्या वर्गांत शनिवारी एक तास आम्ही रुजुवातीसाठी ठेवीत आहोत. दोन मुले समोरासमोर बसतील. एक मूळ कागद मोठ्याने वाचील, दुसरे प्रतीवर बोट ठेवून ऐकेल, आणि शेवटी दोघेही खाली सही करतील. कागद कधी मराठीचे असतील, कधी हिंदीचे, कधी इंग्रजीचे. चुका आम्ही मुद्दाम पेरणार आहोत. पहिल्या शनिवारी माझी ती विद्यार्थिनी सुट्टी काढून येणार आहे. आपल्यापैकी जे वकिली कचेऱ्यांत, न्यायालयांत, बँकांत वा नोंदणी कार्यालयांत काम करतात, त्यांनीही एकेक शनिवार द्यावा, ही विनंती. पहिला कागद मी स्वतः तयार केला आहे. त्यात एका घराची चतुःसीमा आहे.