जुन्या वेलीची तांबडी वाइन

(सुंदरपेरुमाळ कोयिल येथे मंडळाच्या सभासदांसमोर झालेले भाषण)



कावेरीकाठचा हा मुलूख भाताचा, केळीचा आणि नागवेलीचा. येथे द्राक्षावर, तेही मद्याच्या द्राक्षावर बोलावयाचे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ येऊन या मातीत रुजलेल्या घराण्यांचे वंशज समोर बसले असता, परमुलखात रुजलेल्या एका वेलीची हकीकत सांगण्यास याहून योग्य श्रोते मला कोठे मिळणार? मी मद्यपानाचा पुरस्कर्ता नव्हे. माझी मजल द्राक्षासवापलीकडे गेलेली नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियात बारोसा नावाचे खोरे आहे. धर्ममतापायी प्रशिया सोडून आलेली काही कुटुंबे १८४२ मध्ये तेथे वसली. त्यांच्यापैकी ख्रिस्तियान ऑरिश्ट नावाच्या लोहाराने १८४३ मध्ये शिराझ जातीची लागवड केली. त्या लागवडीतील वेली आजही फळतात व त्यांच्या घडांची तांबडी वाइन निघते. शिराझ मूळची फ्रान्सची. १८६० नंतर मुळांचा रस शोषणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने तेथील बहुतेक मळे उद्ध्वस्त केले, आणि अमेरिकन खुंटांवर कलमे बांधूनच ते पुन्हा उभे राहिले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये कायदा करून बंदोबस्त केला. त्यामुळे माहेरी जी दुर्मिळ झाली, ती वेल सासरी स्वतःच्या मुळांवर उभी आहे. तंजावरच्या सरस्वतीमहालातील मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना याचे नवल वाटू नये.

मग आपल्या नाशिक-सांगलीकडे अशी जुनी वेल का नाही? ऊन तर दोन्हीकडे आहे. भेद हिवाळ्याचा आहे. बारोसात उन्हाळा कडक व कोरडा. पण हिवाळ्यात वेल पाने गाळून निजते. आपल्याकडे तिला खरी झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, असे वर्षातून दोनदा तिला जागे करावे लागते. कंबमच्या खोऱ्यात तर जवळजवळ वर्षभर घड निघतात. शिवाय पावसाळ्यातील केवडा-करप्याशी झुंज आहेच. एवढ्या राबणुकीनंतर साधारण १२ ते १५ वर्षांत उत्पन्न उतरते, आणि बागाईतदार बाग काढून टाकतो. त्याला दोष देता येणार नाही; कर्जाचे हप्ते वेलीचे वय पाहत नाहीत.

जुनी वेल घड थोडे देते. थोड्या घडांत रस दाट उतरतो. आणि तांबड्या वाइनचा रंग मुख्यतः सालीतून येतो, म्हणून लहान मण्याला मान. तथापि वेल जुनी झाली की वाइन आपोआप उत्तम होते, हे मला पूर्ण पटत नाही. उत्तम जमिनीतली वेलच बहुधा राखली गेली, सामान्य केव्हाच सरपणात गेली, हेही तितकेच खरे असावे.

बारोसातही त्या सुखासुखी राहिल्या नाहीत. १९८० च्या दशकात तांबड्या वाइनला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा सरकारनेच वेली उपटण्यासाठी पैसे दिले आणि कित्येक जुने मळे गेले. पुढे दहाएक वर्षांतच त्याच वाइनची मागणी वाढली! उपटलेली शंभर वर्षे मात्र कोणत्याही अनुदानाने परत येत नाहीत. अखेर २००९ मध्ये त्या खोऱ्याने सनद केली: ३५ वर्षांची वेल ‘जुनी’, ७० ची ‘तगलेली’, १०० ची ‘शतायुषी’ आणि १२५ च्या पुढची ‘पूर्वज’.

आपल्याकडे २००१ च्या राज्य धोरणानंतर वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. २००८-०९ च्या मंदीत खरेदी मंदावताच अनेकांनी ती काढून खाण्याची द्राक्षे लावली. तेव्हा गेलेल्या वेली आज विशीच्या आसपास असत्या.

येथील ज्या सभासदांची गावाकडे द्राक्षबाग आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. शिराझची बाग काढावयाची ठरलीच, तर चांगल्या जमिनीतील दोन ओळी तरी राखा. त्यांची छाटणी हलकी ठेवा, घड मोजके धरा आणि त्यांची वाइन निराळ्या पिंपात काढून पाहा. खर्च फार नाही. हिशेब मात्र दरवर्षी लिहून ठेवावा लागेल, आणि तो पुढच्या पिढीच्या हाती द्यावा लागेल.