टेंडरआधीच्या बैठकीत आपण कुठे?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



टेंडर म्हटलं की आपण म्हणतो, हा ठेकेदारांचा विषय. पण अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी घरी येणारं आहाराचं पाकीट टेंडरमधूनच येतं. म्हणून हा विषय आपलाही आहे.

टेंडर काढण्याआधी खात्याला माहिती लागते. माल कोण बनवतं, यंत्रं कोणती, भाव काय? त्यासाठी खातं कधी 'स्वारस्य अभिव्यक्ती' मागवतं. म्हणजे हे काम करायची इच्छा आणि कुवत कोणाची, ते विचारतं. टेंडर निघाल्यावर, बोली भरण्यापूर्वी, प्री-बिड बैठक होते. तिथे इच्छुक शंका विचारतात, अटी बदलायला सुचवतात. खात्याला पटलं तर शुद्धिपत्रक निघतं. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही अशा बैठकीची तरतूद आहे. विचारण्यात गैर काहीच नाही.

प्रश्न एवढाच, की विचारतात कोणाला? उलाढाल किती हवी, यंत्रं स्वयंचलित हवीत का, पुरवठा एका गावाला की सबंध जिल्ह्याला, यावर तिथे बोलणं होतं. एक अट अशी पडते, की गावातला गट बोली उघडण्याआधीच बाद.

सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजी सांगितलं, अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. गावसमूह, बचत गट, महिला मंडळांना प्राधान्य द्या. तरी 2012 साली न्यायालयाच्याच आयुक्तांनी महाराष्ट्राबद्दल अहवाल दिला, की मोठी कामं घेणाऱ्या महिला मंडळांमागे खाजगी कंपन्या आहेत. म्हणजे नाव बाईचं, धंदा दुसऱ्याचा! 2016 च्या टेंडरच्या अटींवरही बचत गट न्यायालयात गेले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्याने टेंडर काढायला सांगितलं. 2016 साली सहा महिन्यांचं असलेलं बाळ तोवर तीन वर्षं ओलांडून गेलं होतं.

निकाल आपल्या बाजूने लागला, तरी ते बाळ परत लहान होत नाही. म्हणून भांडायचं ते आधीच.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे, लोकांवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या निर्णयांची माहिती सरकारने आपणहून द्यायची असते. आपण मागू या: बैठकीची सूचना मराठीत पंचायत समितीच्या फलकावर लागू दे. कोणी कोणती अट सुचवली, ते इतिवृत्तात येऊ दे. आणि त्या बैठकीत अंगणवाडी सेविकेला, पाकीट उघडून बाळाला भरवणाऱ्या आईला खुर्ची मिळू दे. बाळ ते खातं की थुंकतं, हे तिच्याइतकं कोणत्या कंपनीला ठाऊक आहे?