औषध पोटात, औषध रक्तात
(वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या वह्यांत औषधाची नोंद दोनदा होते : खरेदीच्या दिवशी आणि रुग्णाला दिल्याच्या दिवशी. ते औषध रक्तात उतरले की नाही, याची तिसरी नोंद कोणत्याच वहीत नसते. आपल्या देणगीचा हेतू मात्र त्या तिसऱ्या नोंदीनेच सफल होतो.

कित्येक औषधे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. कुष्ठरोगावरील क्लोफॅझिमिन, हिवतापावरील ल्युमेफॅन्ट्रिन, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन ही त्यांपैकीच. नवे औषध आतड्यातून कितपत शोषले जाईल, हे प्रयोगशाळेत ‘कॅको-२’ नावाच्या पेशींवर तपासतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या या पेशी सच्छिद्र पडद्यावर सुमारे २१ दिवस वाढविल्या, की लहान आतड्याच्या अस्तरासारखा एकसंध थर तयार होतो. थराच्या वर औषध घालावयाचे आणि खाली किती उतरले ते मोजावयाचे.

अडचण येते ती न विरघळणाऱ्या औषधांची. साध्या क्षारद्रावणात ती तळाशी बसतात, प्लॅस्टिकला चिकटतात आणि गुणकारी औषधही निरुपयोगी भासण्याचा धोका असतो. म्हणून संशोधकांनी वरच्या द्रावणात आतड्यातल्याप्रमाणे पित्तक्षार व लेसिथिन मिसळले. खालच्या बाजूस अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन ठेवले, जेणेकरून पलीकडे गेलेले औषध तेथे धरून ठेवले जाईल. पित्तक्षार अधिक झाल्यास पेशींना इजा होते, त्यामुळे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते. थोडक्यात, पेशींना जणू जेवू घातले, तेव्हा चाचणी खरे बोलू लागली.

जे पेशींचे, तेच माणसाचे. बेडाक्विलिन अन्नाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण सुमारे दुपटीने वाढते. ल्युमेफॅन्ट्रिनला स्निग्ध आहाराची जोड लागते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. पहाटे उपाशीपोटी कामाला लागणाऱ्याने अशी गोळी नेमाने घेतली, तरी तिचा बराच भाग वाया जातो. यात दोष त्याचा नाही आणि गोळीचाही नाही. उलट क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड उपाशीपोटी अधिक चांगली शोषली जातात. म्हणून कोणती गोळी केव्हा घ्यावयाची, हे नातेवाइकांनी डॉक्टरांनाच विचारावे.

शासनाच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. तिचे मोल मोठे आहे. परंतु गोळीच्या वेळी ताटात भाकरी असेलच, याची हमी ती देत नाही.

देणगीदारांना माझी नम्र विनंती एवढीच : रुग्णाच्या आहारासाठी दिलेला रुपया हा औषधाहून वेगळा दानधर्म मानू नये. तो औषधाच्याच खर्चात धरावा. तसे केले, तरच वहीतील दुसऱ्या नोंदीला तिसरीची जोड मिळेल.